बोकड लांब बांध म्हणावं

धाकटी त्या घरात नवी होती तेव्हाची गोष्ट. शेळ्यांचा गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती, आणि फळ्यांना फटी होत्या. धाकटी शेळीखाली बसून धार काढत होती. पलीकडे तिची मोठी जाऊ, म्हणजे थोरली, नवऱ्याशी भांडत होती.

"अगं, अंगात ताप आहे तुझ्या. पडून राहा. स्वयंपाकाचं बघेल धाकटी."

"बघेल! काय बघेल ती?"

"स्वयंपाक. माणसं करतात तसा."

"तिच्या हाताला शेळीचा वास येतो. भांड्यांना लागतो, अन्नाला लागतो."

"मला नाही आला कधी."

"तुम्हाला स्वतःच्या मोज्यांचा येत नाही, तिच्या हातांचा काय येणार!"

"हळू बोल. ऐकेल ती."

"ऐकू दे. मी मरतानासुद्धा तिच्या हातचं काही घेणार नाही. लिहून ठेवा."

"कुठे लिहू? भिंतीवर?"

फटीच्या अलीकडे धाकटीचा हात थांबला. शेळीनं मान वळवून बघितलं, की बाई, का थांबलीस? धाकटीनं पुन्हा धार धरली, भांडं भरलं, ते आत नेऊन ठेवलं आणि मग कोपऱ्यात जाऊन स्वतःचे हात हुंगले. वास येत होता. तेच तर दुखणं होतं. थोरली खोटं बोलली असती तर धाकटी चार दिवसांत विसरली असती. खरं होतं, म्हणून जन्मभर पुरलं.

ती शेळ्या पाळणाऱ्यांच्या घरची. लग्न होऊन आली तेव्हा कपड्यांच्या गाठोड्याबरोबर दोन शेळ्याही घेऊन आली होती, आणि थोरलीनं दारातच नाक मुरडलं होतं. तेवढं चालतं. जावा जावांकडे बघून नाक मुरडणार नाहीत तर काय हार घालणार? पण "मरतानासुद्धा" हा शब्द धाकटीच्या मनात काट्यासारखा रुतला. ती त्यावर भांडली नाही. भांडली असती तर प्रकरण मिटलं असतं, आणि मिटवायचं कुणाला होतं! तिनं तो शब्द नीट घडी घालून आत ठेवला आणि तोंडानं "जाऊबाई, बरं वाटतंय का आता?" एवढंच विचारलं.

थोरलीच्या तोंडात एक दिवस माझ्या हातचा घोट गेला पाहिजे. आयुष्यात दुसरं काही झालं नाही तरी चालेल, पण हे झालं पाहिजे. एवढं तिनं ठरवून टाकलं.

पुढे सासू-सासरे गेले आणि भाऊ वेगळे झाले. जुनं घर थोरल्याकडे आलं. धाकट्याला पलीकडच्या दोन खोल्या मिळाल्या, मधे भाज्यांचे वाफे आणि एक फाटक. शेळ्या अर्थातच धाकटीकडे. थोरली म्हणाली, "बरं झालं, घराला हवा लागेल आता."

त्या दिवसापासून धाकटीनं वासाच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. शेळ्यांच्या घरात वाढलेली असूनही जे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिनं रागानं शिकून घेतलं. दुधाला वास येतो तो शेळीचा कमी आणि बोकडाचा जास्त. बोकड शेळ्यांमध्ये बांधला की त्यांच्या अंगाला, आचळांना, दुधाला, धार काढणाऱ्या हातांना, सगळ्याला तो दर्प चिकटतो. मग तिनं बोकड उचलून पार विहिरीपलीकडे, वाऱ्याच्या उलट्या अंगाला बांधला. धार काढायच्या आधी कास कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसायची. दूध गाळलं की किटली लगेच गार पाण्यात उभी करायची. आणि शेवटी हातांना आणि भांड्यांना लिंबाची साल घासायची. लग्न होऊन आली तेव्हाही ती भांड्यांना लिंबाचीच साल लावायची, पण तेव्हा सवय म्हणून. आता खुन्नस म्हणून.

नवरा म्हणायचा, "शेळ्यांचं दूध आहे गं, अत्तर नाही."

"तुम्ही गप बसा. तुम्हाला कुणी काही बोललं नाही."

वर्षं गेली. पोरं मोठी झाली, आपापल्या मार्गाला लागली. आणि मग थोरलीच्या पोटानं असहकार पुकारला. काही खाल्लं की जळजळ, गाईचं दूध घेतलं की उलटी. डॉक्टर म्हणाले, शेळीचं दूध घेऊन बघा.

दोन्ही घरांत येणारा दूधवाला सायकलवरून उतरला तो थेट धाकटीच्या दारात. त्याचा चेहरा असा, की जणू चोरीच करून आलाय.

"वहिनी, थोरल्या वहिनींना शेळीचं दूध सांगितलंय."

"मग?"

"मला म्हणाल्या, कुठूनही आण. फक्त तिचं नको."

"तिचं म्हणजे?"

"आता मी काय सांगू, वहिनी. तुम्ही समजून घ्या."

धाकटीनं समजून घेतलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की दूधवाला दोन पावलं मागे सरला.

"मग 'कुठूनही' आणलं म्हणून द्या. माझं द्या."

"मला पाप लागेल."

"लागेल त्यातलं अर्धं माझ्या नावावर लावा. न्या."

झालं. रोज सकाळी धाकटीची किटली दूधवाल्याच्या मोठ्या किटल्यांच्या मागे लपून फाटकापलीकडे जायला लागली. धाकटी खिडकीशी भाजी निवडत बसायची. समोर दारातल्या खुर्चीत थोरली पेला तोंडाला लावायची, आणि धाकटीला वाटायचं, आपल्या पोटात कुणीतरी गोड काही सोडतंय. हळूहळू थोरलीचे गाल भरले. अंगावर तकाकी आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "शेळीचं आहे म्हणून सांगावं लागतं, इतकं छान. वास म्हणून नाही. स्वच्छ घरचं असणार. शेवटी हात बघावा लागतो बाई, हात!"

हे दूधवाल्यानं येऊन सांगितलं तेव्हा धाकटीनं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा. त्या म्हणाल्या तसंच, तशाच आवाजात."

आता तिचा बेत असा होता. हे गुपित आत्ता फोडायचं नाही. आत्ता सांगितलं तर ती बया दूध सोडेल, आणि पुन्हा पोट धरून बसेल, त्यात काय मजा? सांगायचं ते अगदी शेवटी. थोरली अंथरुणावर असेल, तिला ऐकू येत असेल पण उलटून बोलता येत नसेल, तेव्हा कानाशी वाकून हळूच सांगायचं, "जाऊबाई, इतकी वर्षं प्यालात ना, ते माझ्या हातचं बरं का." आणि मग तिचे डोळे बघायचे. बस्स.

पण त्यासाठी थोरलीच्या मागे जगायला हवं. आधीच डोळे मिटले तर सगळा सूड पाण्यात! म्हणून धाकटीनं तब्येत सांभाळायला घेतली. चहातली साखर सोडली. ब्लडप्रेशरची गोळी कधी चुकवली नाही. शेळ्यांच्या मागे चढावर रोज जायची, गुडघे कुरकुरले तरी. तिच्या बरोबरीच्या बायका "आता काय राहिलंय" म्हणत खाटेवर बसायला लागल्या होत्या, आणि ही टुणटुणीत. गावातले डॉक्टर एकदा म्हणाले, "काकू, या वयात इतकी छान तब्येत! काय करता तरी काय?"

"एकीची वाट बघते," धाकटी म्हणाली.

लोक म्हणतात, खेड्यातली हवा चांगली, पाणी चांगलं, म्हणून माणसं जास्त जगतात. हवा चांगली आहे, नाही कोण म्हणतंय? पण नुसत्या हवेवर कुणाला पहाटे उठवत नाही. उठायला काहीतरी कारण लागतं. कुणाला नातवंडं असतात, कुणाला देव असतो. धाकटीला जाऊ होती.

मग धाकटीचा नवरा गेला. साधासा ताप आला आणि आठवड्यात माणूस गेला. घर माणसांनी भरलं. थोरलीही फाटक उघडून आली, भिंतीशी बसली, डोळ्यांना रुमाल लावला. धाकटीच्या सुनेनं सगळ्यांना चहा दिला. थोरलीनं कप घेतला, चहा ओतायच्या आधीच बशीत पालथा घातला आणि बाजूला सरकवला. सगळ्यांनी बघितलं. बोलायचं बाकी तरी काय राहिलं?

धाकटी रडता रडता थांबली. आज? आजच्या दिवशीसुद्धा?

माणसं पांगल्यावर ती उठली, विहिरीपलीकडे गेली आणि बोकड सोडून आणला. आणला तो थेट शेळ्यांच्या मधे बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी कास पुसली नाही, किटली गार पाण्यात ठेवली नाही. गोठ्यात पाऊल टाकवत नव्हतं इतका दर्प, आणि दूध तर विचारूच नका.

दूधवाल्यानं झाकण उघडलं आणि मान फिरवली. "वहिनी, आज काहीतरी बिघडलंय."

"काही बिघडलं नाही. न्या."

"अहो, हे मांजरसुद्धा पिणार नाही."

"मांजराला नाहीच द्यायचं. न्या म्हटलं ना."

आता ती थुंकेल, ओकेल, शिव्या घालेल. धाकटी खिडकीशी जाऊन बसली. थोरलीनं पेला तोंडाला लावला. थांबली. मग उरलेलं सगळं एका दमात प्यायली, तोंड पुसलं आणि पेला पायाशी ठेवला.

दूधवाला परत आला तो सायकल हातात धरून, बसायचंही विसरून.

"प्यायल्या. थेंब ठेवला नाही."

"आणि? काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'बोकड लांब बांध म्हणावं तिला.'"

"तिला? कुणाला?"

"तेच मी विचारलं. तर म्हणाल्या, 'नाव कशाला घ्यायला लावतोस?'"

"कधीपासून माहीत आहे तिला?"

"वहिनी, तेवढ्यावरच मी सायकल धरून निघालो. ते नाही विचारलं."

"उद्या विचारा. नाही विचारलंत तर याच बोकडाला तुमच्या सायकलला बांधीन."

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. उत्तर आलं, "पहिल्याच दिवशी कळलं. दुधाला लिंबाचा वास होता. आमच्या घरात भांड्यांना लिंबाची साल कोण घासायचं?"

जो वास घालवायला धाकटीनं इतकी वर्षं साल घासली, त्या सालीनंच तिची चुगली केली होती. ती पायरीवर बसून राहिली. म्हणजे इतकी वर्षं मी राबले, पहाटे उठले, बोकडाचं दावं धरून वाऱ्याची दिशा बघत हिंडले, आणि ही बया सगळं जाणून आरामात खुर्चीत बसून पीत होती? वर आभार मानायचे नाहीत, बोल मागे घ्यायचा नाही, काही नाही! आणि ते "हात बघावा लागतो बाई" म्हणणं? ते खरं होतं, की मी ऐकावं म्हणून दूधवाल्याच्या कानात टाकलं होतं? हे काही तिला आयुष्यभर कळलं नाही, आणि त्याचा राग तर सगळ्यात जास्त आला.

कानाशी वाकून सांगायची सगळी मजा गेली. आता सांगण्यासारखं उरलंच काय होतं? मग धाकटीनं नवा पण केला. चोरून नाही, आता समोरासमोर. हिच्या ओठांना पेला मी माझ्या हातानं लावणार.

पुढच्याच वर्षी दूधवाल्याच्या गुडघ्यांनी सायकलला रामराम ठोकला, आणि धाकटी स्वतः किटली घेऊन फाटक उघडून थोरलीच्या दारात उभी राहिली. थोरलीचाही नवरा तोवर गेला होता. तिची सून कामावर जायची, त्यामुळे दिवसभर घरात ती एकटीच. धाकटीनं दूध पेल्यात ओतलं आणि हात पुढे केला.

"घ्या, जाऊबाई."

"ठेव तिथं." थोरलीनं खुर्चीशेजारच्या स्टुलाकडे बोट केलं.

"हातात घ्या की."

"तुझ्या हातचं घेणार नाही म्हटलं होतं. स्टुलावरचं घेते."

"इतकी वर्षं प्यायलात ते?"

"ते दूधवाल्याच्या हातचं."

"आणि दूध कुणी काढलं? त्यानं?"

"काढणारीला कोण विचारतं? देणाऱ्याचा हात बघायचा." मग थोरलीनं डोळे बारीक केले. "पण तुला गं कुणी सांगितलं मी असं म्हटलं होतं ते?"

"फळ्यांना फटी होत्या, जाऊबाई."

"माहीत आहे. म्हणून तर मोठ्यानं बोलले."

धाकटीनं पेला स्टुलावर असा आपटला की दूध उडालं. पण हात काढून घेईपर्यंत थोरलीनं पेल्याला बोट लावलं नाही.

मग तो रोजचाच नेम झाला. धाकटी यायची, पेला भरायची, ठेवायची, हात काढायची. थोरली प्यायची. मधल्या वेळात दोघी एकमेकींना बोलायच्या. कुणाची सून जास्त उलट बोलते, कुणाचे गुडघे जास्त दुखतात, कुणाच्या वाफ्यात कुणाच्या शेळीनं तोंड घातलं. "फाटक लाव जाताना, तुझ्या त्या लेकी माझी कोथिंबीर फस्त करतात." "तुमची कोथिंबीर खाऊन दूध कडू होतं, म्हणून मीच लावते." पेला रिकामा झाला की धाकटी तो धुऊन पालथा घालायची, फाटकाची दोरी खिळ्याला अडकवायची आणि घरी जायची.

थोरलीचे हात थरथरायला लागले तेव्हा धाकटीला वाटलं, आला आपला दिवस. पेला उचलताना अर्धं दूध मांडीवर सांडायचं. धाकटी समोर बसून बघायची. स्वतःहून पुढे व्हायची नाही. तिनं "धर" म्हटलं पाहिजे.

तिनं म्हटलं नाही. तिच्या सुनेनं बाजारातून प्लास्टिकच्या नळ्यांचं पाकीट आणलं. पेला स्टुलावर, नळी पेल्यात, आणि थोरली मान पुढे काढून वासरासारखी दूध ओढते. हात लावायचीही गरज नाही! पहिल्या दिवशी नळीतून शेवटचा घोट ओढून तिनं धाकटीकडे असं बघितलं, की धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकी, किती बरं झालं ना?" सून म्हणाली.

"फारच बरं झालं," धाकटी म्हणाली.

आणि एक दिवस सून कामाला निघून गेल्यावर, पेला धुवायला आत गेली असताना, धाकटीनं फडताळातलं नळ्यांचं अख्खं पाकीट उचललं आणि स्वेटरच्या खिशात घातलं. कपाटामागे पडलेली एक सुटी नळीसुद्धा वाकून काढली. कंबरेत उसण भरली, पण काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा फाटकाशी तिला थांबावं लागलं. छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. तिनं त्याचा दोष किटलीला दिला, की जड झाली आहे मेली. ही आपली शेवटची फेरी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी ती परत फिरली नसती, इतकी ती खुशीत होती.

थोरली खुर्चीत वाट बघत बसली होती. धाकटीनं पेला भरला, स्टुलावर ठेवला, हात काढला आणि समोर बसली.

थोरलीनं पेल्यात बघितलं. स्टुलाखाली बघितलं. मग धाकटीच्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं.

"नळ्या तू नेल्यास."

"नेल्या."

"दे."

"नाही देत."

"सून आली की सांगेन."

"सांगा की. संध्याकाळी येईल ती. तोवर दूध नासेल."

थोरलीनं दोन्ही हातांनी पेला धरायचा प्रयत्न केला. पेला स्टुलावर खडखडला, दूध काठावर आलं. तिनं हात सोडले. धाकटी मनात मोजत होती. किती वर्षं, किती सकाळी, किती लिंबं.

"बघत काय बसलीस?" थोरली खेकसली. "धर!"

विनवणी नव्हे, हुकूम. कामवालीला सांगावं तसा. धाकटीनं हे असं कधीच योजलं नव्हतं. तिच्या मनातल्या थोरलीच्या डोळ्यांत पाणी असायचं. पण "धर" तर म्हटलं होतं. ती उठली, पेला उचलला, दुसरा हात थोरलीच्या मानेमागे घातला आणि पेला ओठांना लावला. थोरली प्यायली. एक घोट, मग दुसरा. दूध हनुवटीवर आलं ते धाकटीनं बोटानं निपटलं. पेला संपेपर्यंत दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

थोरलीनं ओठ चाटले.

"पाणी घातलंस."

"काय?"

"दुधात पाणी घातलंस. आज पातळ आहे."

"मी? मी पाणी घालीन? अहो, जन्मात कधी थेंब घातला नाही मी!"

"मग शेळी म्हातारी झाली असेल. तुझ्यासारखी."

धाकटीचा सगळा विजय तिथल्या तिथे जळून गेला. तिनं नळ्यांचं पाकीट खिशातून काढून थोरलीच्या मांडीवर फेकलं. "उद्या शेळीच घेऊन येते. इथं, तुमच्या खुर्चीला बांधते आणि तुमच्या डोळ्यांदेखत धार काढते. मग बघा पाणी कुठून येतं ते!"

"आण. बोकड नको आणूस म्हणजे झालं."

धाकटीनं पेला धुतला, पालथा घातला, किटली उचलली. फाटकाची दोरी खिळ्याला अडकवली, आणि रागातसुद्धा एकदा ओढून बघितली, शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. घरी येऊन किटलीला लिंबाची साल घासली आणि किटली भिंतीवर उलटी टाकली. मग ती गोठ्यात जाऊन प्रत्येक शेळीकडे बघत राहिली. थोरलीचं डोकं उठवेल अशी एक हवी होती. काळी सगळ्यांत जास्त ओरडायची, आणि लेंड्याही तीच जास्त टाकायची. धाकटीनं काळीला वेगळी काढली आणि आखूड दाव्यानं दाराशी बांधली, सकाळी शोधत बसायला नको म्हणून.